एकुलते एक ग्राफिक्स कार्ड आणि पडद्याविना होस्ट

संगणकात एकच ग्राफिक्स कार्ड असताना ते चालू लिनक्सकडून काढून घ्यायचे, व्हर्च्युअल मशीनमधल्या (संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकातल्या) विंडोजच्या स्वाधीन करायचे आणि विंडोज बंद झाल्यावर पुन्हा लिनक्सकडे आणायचे, हे आज घरच्या साध्या संगणकावरही जमते. याविषयी लिहिलेले मार्गदर्शन इंटरनेटवर भरपूर आहे. मात्र त्यातले बरेचसे पडद्यावर विंडोजची खूण उमटली की थांबते. माझ्या मते खरी जबाबदारी त्याच क्षणी सुरू होते. कार्ड देऊन टाकल्यावर होस्ट, म्हणजे मूळ लिनक्स, चालूच असतो, त्याच्या सेवा चालू असतात, फायली त्याच्याच ताब्यात असतात, पण त्याच्याकडे पडदा उरत नाही. अशा होस्टवर कितपत भरवसा ठेवता येईल, या एका प्रश्नावर ही सगळी व्यवस्था तोलून पाहावी, असे मला वाटते.

मी रत्नागिरीत घरांचे नकाशे आणि त्रिमितीय चित्रे तयार करण्याचे काम करतो. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी, असे गावचे घर नव्याने बांधू पाहणाऱ्या मुंबईकर चाकरमान्यांना ते घर आधी चित्रात पाहायचे असते, आणि तेही बहुधा गणपतीला गावी येण्यापूर्वी. रेव्हिट आणि ल्युमियन ही दोन्ही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, आणि ल्युमियनला ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद लागते. याउलट फायलींचा साठा, त्यांचे रोजचे बॅकअप, घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपला दिलेले सामायिक फोल्डर आणि छपाईची रांग हे सारे लिनक्सवर आहे, आणि विंडोजमध्ये काम करताना ते बंद पडलेले मला चालत नाही. ही अट नसती तर मी सरळ ड्युअल बूट (सुरू करतानाच लिनक्स किंवा विंडोज निवडण्याची सोय) केले असते. ज्याला होस्ट मागे चालू राहण्याची गरज नाही त्याने या वाटेला जाऊच नये. संगणक पुन्हा सुरू करण्याचा अर्धा मिनिट वाचवण्यासाठी एवढा खटाटोप करणे शहाणपणाचे नाही.

आणखी एका वाचकाला मी इथेच परत पाठवू इच्छितो. ज्याच्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स आहे, त्याने होस्टला ते द्यावे आणि स्वतंत्र कार्ड कायमचे व्हर्च्युअल मशीनसाठी राखून ठेवावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस ‘एफ’ असते त्यांत अंगचे ग्राफिक्स नसते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत मात्र लहानसे ग्राफिक्स असते आणि होस्टला तेवढे पुरते. माझा प्रोसेसर ‘एफ’ आहे, आणि मदरबोर्डावर पूर्ण लांबीचा स्लॉट एकच आहे. शिवाय समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत उघडे धातूचे संपर्क किती लवकर काळवंडतात हे पाहिल्यावर, पेटीत आणखी एक कार्ड आणि आणखी एक पंखा सांभाळण्याची मला हौस राहिलेली नाही.

आता मूळ यंत्रणेकडे वळू. ग्राफिक्स कार्ड मेमरीत थेट वाचते आणि थेट लिहिते. प्रत्येक वेळी ते प्रोसेसरला विचारत नाही. व्हर्च्युअल मशीनमधले विंडोज ज्या पत्त्यांना मेमरीचे खरे पत्ते समजते ते खरे नसतात. प्रत्यक्ष मेमरीत ती पाने भलतीकडेच असतात. विंडोजच्या ड्रायव्हरने कार्डाला दिलेला पत्ता जसाच्या तसा वापरला गेला, तर कार्ड होस्टच्या एखाद्या नाजूक जागेवर लिहून बसेल. हा अनर्थ टाळण्याचे काम आयओएमएमयू करते. कार्डाने उच्चारलेला प्रत्येक पत्ता ते भाषांतरित करते, आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेरचा पत्ता आला तर अडवते. इंटेलकडे याला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीकडे एएमडी-व्हीआय. बायोसमध्ये हा पर्याय प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनपासून वेगळा असतो. एक सुरू केला म्हणून दुसरा सुरू होत नाही. लिनक्समध्ये या सुविधेचा सुरक्षित वापर करू देणारी व्हीएफआयओ ही चौकट २०१२ साली कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ३.६ आवृत्तीत आली, आणि आजची सारी पासथ्रू, म्हणजे उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनला देण्याची, व्यवस्था तिच्यावरच उभी आहे.

आयओएमएमयू उपकरणांचे गट पाडते. एका गटातली उपकरणे परस्परांशी आयओएमएमयूला वळसा घालून बोलू शकतात असे कर्नल धरून चालतो, म्हणून तो गट फोडता येत नाही. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यासारखेच हे प्रकरण आहे: एकट्याच्या सहीने व्यवहार पुरा होत नाही. ग्राफिक्स कार्डाबरोबर त्याचा एचडीएमआय ध्वनीचा भाग असतोच. ट्युरिंग पिढीच्या अनेक कार्डांवर यूएसबी-सीचे आणखी दोन भाग असतात. हे सारे सोबत द्यावे लागतात, आणि सुदैवाने ते सोबत दिलेले चांगलेच असते. त्याच गटात डिस्कचा किंवा नेटवर्कचा कंट्रोलर निघाला, तर मात्र आधी कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहावे. एसीएस ओव्हरराइड नावाचा पॅच लावून गट कागदोपत्री फोडता येतो, पण तो अधिकृत कर्नलमध्ये नाही आणि त्यामागे सबळ कारण आहे. त्याने उपकरणे खरोखर वेगळी होत नाहीत, फक्त ती वेगळी असल्याचा दावा केला जातो. ज्या संगणकावर गिऱ्हाइकांची कामे आहेत तिथे मी तो लावणार नाही.

दोन कार्डांच्या व्यवस्थेत संगणक सुरू होतानाच दुसरे कार्ड व्हीएफआयओच्या ड्रायव्हरला जोडून टाकता येते. एकाच कार्डाच्या बाबतीत ती सोय नाही, कारण ते कार्ड आधीपासून वापरात असते आणि ते वापरणारे अनेक असतात. पहिला वापरकर्ता म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर. तो थांबवला की त्याखालचे सगळे ग्राफिकल सत्र संपते. त्यानंतर कर्नलचे मजकुरी कन्सोल कार्डाच्या फ्रेमबफरला (पडद्यावरचे चित्र साठवणाऱ्या मेमरीला) चिकटलेले असतात, ते सोडवावे लागतात. जुन्या मार्गदर्शनात यापुढे ईएफआय फ्रेमबफर सोडवण्याची एक ओळ असते; नव्या कर्नलवर त्या नावाचे उपकरण अनेकदा सापडतच नाही आणि स्क्रिप्ट नेमकी तिथे अडखळते, म्हणून ते अस्तित्वात आहे का हे आधी तपासूनच ती ओळ चालवावी. मग ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला जोडलेले भाग) काढायचे. एनव्हिडियाच्या बाबतीत डीआरएम, मोडसेट, यूव्हीएम आणि शेवटी मूळ मॉड्यूल असा उलटा क्रम लागतो, कारण वरचे मॉड्यूल खालच्याला धरून असते.

मॉड्यूल ‘वापरात आहे’ असे उत्तर मिळाले तर दोष जबरदस्ती न करण्याचा नसतो; कोणीतरी खरोखर कार्ड धरून बसलेले असते. एनव्हिडियाची पर्सिस्टन्स सेवा, पार्श्वभूमीत कुडा (कार्डावर आकडेमोड करण्याची एनव्हिडियाची सोय) वापरणारा एखादा कार्यक्रम, किंवा कार्डाचे तापमान दाखवणारे एखादे निरुपद्रवी साधन यांपैकी कोणीही तो असू शकतो. ध्वनीचा भाग बहुधा पाइपवायर हा ध्वनी सांभाळणारा कार्यक्रम धरून ठेवतो, आणि इथे एक बारकावा आहे. लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या रचनेत वापरकर्त्याचे शेवटचे सत्र संपल्यावरही त्याच्या सेवा लगेच थांबत नाहीत. मूळ नेमणुकीनुसार दहा सेकंद त्यांना मुदत मिळते. अनेक तयार स्क्रिप्टांमध्ये मध्येच काही सेकंद थांबण्याची जी ओळ असते, ती बहुधा याच कारणासाठी अनुभवाने घातलेली असते. आंधळेपणाने ठरावीक वेळ थांबण्यापेक्षा कार्डाच्या उपकरण-फायली कोणी उघडून ठेवल्या आहेत का हे पाहत राहावे, आणि मोकळ्या झाल्या की पुढे जावे. ठरलेल्या मुदतीत त्या मोकळ्या झाल्या नाहीत, तर स्क्रिप्टने माघार घेऊन डिस्प्ले मॅनेजर पुन्हा सुरू करावा. ही माघारीची वाट लिहिलेली स्क्रिप्ट मला फार थोड्या ठिकाणी दिसली.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिस्प्ले मॅनेजर थांबला की तुमच्या सत्रातले सारे काही जाते, म्हणजे टर्मिनलमध्ये चालू ठेवलेला बॅकअपही जातो. जे काम मागे चालू राहावे असे वाटते ते सिस्टिमच्या सेवेत असले पाहिजे, किंवा त्या वापरकर्त्यासाठी ‘लिंगर’ हा पर्याय सुरू करून त्याच्या सेवा सत्राशिवाय चालू ठेवल्या पाहिजेत. पण मग पाइपवायरही सत्राशिवाय चालू राहील, हे विसरून चालणार नाही. मी पहिली वाट घेतली आहे.

हा सगळा क्रम आपोआप चालवण्यासाठी व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरचे हुक असतात. व्हर्च्युअल मशीन सुरू होण्याआधी ‘प्रिपेअर’ टप्प्यावर आणि ते बंद होऊन सारी साधने मोकळी झाल्यावर ‘रिलीज’ टप्प्यावर लिबव्हर्ट एक ठरावीक स्क्रिप्ट चालवते. प्रचलित स्क्रिप्टांत याच हुकमधून लिबव्हर्टच्याच आज्ञेने कार्ड वेगळे केले जाते. लिबव्हर्टच्या दस्तऐवजात मात्र स्पष्ट बजावले आहे की हुक स्क्रिप्टने उलट लिबव्हर्टला हाक मारू नये, कारण लिबव्हर्ट स्वतः त्या स्क्रिप्टची वाट पाहत थांबलेले असते आणि दोघेही एकमेकांसाठी अडून राहू शकतात. बहुतेकांचे यावर निभावते, हे खरे. पण पडदा गेल्यानंतर अडकलेली यंत्रणा सोडवणे किती त्रासाचे असते ते लक्षात घेता, निभावण्यावर विसंबणे मला पटत नाही. व्हर्च्युअल मशीनच्या व्याख्येत कार्डाची नोंद ‘मॅनेज्ड’ ठेवली की ड्रायव्हर बदलण्याचे काम लिबव्हर्ट स्वतः करते. मग हुकने फक्त पूर्वतयारी करायची, म्हणजे डिस्प्ले मॅनेजर, कन्सोल आणि मॉड्यूल एवढेच पाहायचे. स्क्रिप्ट निम्म्याने लहान होते.

विंडोजच्या बाजूविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण तिथल्या अडचणी आता बऱ्याच निवळल्या आहेत. व्हर्च्युअल मशीनमध्ये असल्याचे कळताच जीफोर्सचा ड्रायव्हर ‘कोड ४३’ दाखवून थांबत असे, आणि लोक हायपरव्हायझरची ओळख लपवत असत. २०२१ साली ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने जीफोर्स पासथ्रूला अधिकृत मुभा दिली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ते एसडब्ल्यूटीपीएम या सॉफ्टवेअरने पुरवता येते. कार्डाच्या रॉमचा (त्यात भरलेल्या मूळ प्रोग्रामचा) प्रश्न मात्र एकाच कार्डाच्या व्यवस्थेत अजूनही उद्भवतो, कारण संगणक सुरू होताना त्याच कार्डाने पडदा दाखवलेला असतो आणि त्यानंतर वाचलेला रॉम मूळ स्वरूपात मिळेलच असे नसते. अशा वेळी रॉमची फाइल वेगळी द्यावी लागते. ती आपल्याच कार्डातून घेतलेली असावी. त्याच नावाच्या, पण दुसऱ्या उत्पादकाच्या कार्डाची उचलून आणू नये.

आता परतीचा प्रवास. विंडोज बंद झाले, क्यूएमूने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) कार्ड सोडले, की कर्नलला ते कार्ड कोऱ्या स्थितीत आणावे लागते. काही उपकरणांना स्वतःपुरते रीसेट होण्याची सोय असते, काहींसाठी पूर्ण बस रीसेट करावी लागते. एएमडीच्या पोलारिस, व्हेगा आणि पहिल्या नावी पिढीतील कार्डे यानंतर भानावर येत नसत, हा दोष सर्वज्ञात आहे. जेफ्री मॅक्रे यांचे ‘व्हेंडर-रीसेट’ हे कर्नल मॉड्यूल त्यावरच्या उपायासाठी लिहिले गेले. (त्यांचेच ‘लुकिंग ग्लास’ हे साधनही नावाजलेले आहे, पण ते विंडोजचे चित्र होस्टच्या पडद्यावर दाखवते, आणि आपल्या होस्टला पडदाच नाही.) दोन कार्डे असतील तर रीसेट न झालेले कार्ड ही केवळ गैरसोय असते. एकच असेल तर संगणक पूर्ण बंद करून चालू करण्यावाचून मार्ग राहत नाही, आणि मग होस्ट चालू ठेवण्याचा मूळ हेतूच बुडतो. म्हणून या व्यवस्थेसाठी कार्ड विकत घेणार असाल, तर वेग आणि मेमरी पाहण्याआधी त्याच्या रीसेटविषयी चौकशी करावी.

कार्ड नीट परत आले तरी पडदा परत येईलच असे नाही. मॉड्यूल पुन्हा चढतात, कन्सोल पुन्हा जोडले जातात, डिस्प्ले मॅनेजर सुरू होतो, आणि यांतली एखादी पायरी चुकली तर समोर काळा पडदा राहतो. प्रत्यक्षात संगणक ठणठणीत असतो. अशा वेळी वीज बंद करण्याचे बटण दाबून धरण्याची उबळ आवरावी. होस्टवर एसएसएच (दुसऱ्या उपकरणावरून आत शिरण्याची सोय) आधीपासून सुरू असावे, त्याला राउटरवरून पक्का आयपी पत्ता दिलेला असावा, आणि आत शिरता येईल असे दुसरे उपकरण हाताशी असावे. मी फोनवरच्या टर्मक्स या टर्मिनल ॲपमधून शिरतो. कीबोर्ड आणि माउस होस्टच्या इव्हडेव्ह मार्गाने दिले, तर डावे आणि उजवे कंट्रोल एकत्र दाबून ते विंडोजकडून होस्टकडे फिरवता येतात, ही एक जादा सोय. मात्र पडदा नसताना कीबोर्डवर नेमके काय टंकले जाते आहे याची खात्री नसते, म्हणून मी एसएसएचलाच पहिला मान देतो.

इथे किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरपर्यंत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि पडदा नसलेल्या होस्टची खरी परीक्षा तेव्हाच होते. घरोघरी इन्व्हर्टर असतात, पण साध्या घरगुती इन्व्हर्टरला संगणकाशी बोलता येत नाही. त्यासाठी यूएसबी असलेला छोटा यूपीएस आणि त्याच्याशी बोलणारे ‘नट’ हे सॉफ्टवेअर लागते. मात्र यूपीएस इन्व्हर्टरच्या ओळीवर लावला, तर बाहेरची वीज गेल्याचे त्याला कळतच नाही. इन्व्हर्टरची बॅटरी संपल्यावरच तो जागा होतो, आणि हाती राहतात ती यूपीएसच्या स्वतःच्या बॅटरीची थोडी मिनिटे. दोन्ही एकामागे एक लावणाऱ्याने याच थोड्या मिनिटांचा हिशोब धरावा, इन्व्हर्टरच्या तासांचा धरू नये.

त्या मिनिटांत पुढील गोष्टी घडाव्या लागतात. ‘नट’ होस्टला बंद होण्यास सांगते. होस्ट बंद होताना ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’ ही सेवा चालू व्हर्च्युअल मशीनचे काय करायचे ते ठरवते. तिच्या नेमणुकीत ‘सस्पेंड’ असेल तर ते इथे लागू पडत नाही, कारण असे भौतिक ग्राफिक्स कार्ड जोडलेल्या मशीनची स्थिती डिस्कवर जतन करता येत नाही. तिथे ‘शटडाउन’च हवे. विंडोजला नुसता एसीपीआयचा बटण-संकेत (पॉवरचे बटण दाबल्याचा इशारा) पाठवला तर त्या बटणाला विंडोजमध्ये काय काम नेमले आहे यावर सारे अवलंबून राहते, म्हणून विंडोजमध्ये क्यूएमूचा गेस्ट एजंट बसवून त्याच्यामार्फत बंद करवणे अधिक खात्रीचे. त्यानंतर ‘रिलीज’ हुक चालतो आणि इमानेइतबारे डिस्प्ले मॅनेजर सुरू करायला जातो, ते नेमके होस्ट बंद होत असताना. सिस्टिमडी अशा वेळी नवी सेवा सुरू करण्याचा हुकूम बहुधा नाकारते, आणि स्क्रिप्ट कशी लिहिली आहे त्यावर ती तिथे अडून बसू शकते. म्हणून हुकच्या सुरुवातीलाच सिस्टिमडीला तिची अवस्था विचारावी. उत्तर ‘स्टॉपिंग’ आले तर पडदा परत आणण्याच्या भानगडीत न पडता बाहेर पडावे.

राहता राहिले विंडोजचे अपडेट. बंद होतानाच ते बसवू लागले तर वरचा सारा हिशोब कोलमडतो, आणि तेही चित्र पूर्ण करून पाठवायच्या दिवसांतच होण्याचा संभव अधिक. पावसाळ्यात मी विंडोजचे अपडेट पुढे ढकलून ठेवतो आणि वीज स्थिर असलेल्या एखाद्या सकाळी हाताने बसवतो. ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’ला विंडोज बंद होण्याची किती वाट पाहायची ती मुदत सेकंदांत सांगता येते; ती यूपीएसच्या प्रत्यक्ष तग धरण्याच्या वेळेपेक्षा पुरेशी कमी ठेवावी, आणि बॅटरी जुनी होत जाईल तशी दर पावसाळ्याआधी पुन्हा मोजून बदलावी. मोजताना ल्युमियन रेंडर करत असले पाहिजे, कारण ग्राफिक्स कार्ड पूर्ण भाराने चालू असताना तोच यूपीएस रिकाम्या संगणकाच्या मानाने खूपच लवकर हात टेकतो.